मदत हवी आहे : जावा ८ आणि जावा १७ एकाच संगणकावर, आवृत्ती बदलली तरी अर्धीच बदलते

नमस्कार.

माझ्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली असून जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या ८ आणि १७ या दोन्ही आवृत्त्या मी एपीटी या उबुंटूच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनामधूनच बसवलेल्या आहेत. दोन्ही ठेवण्यावाचून इलाज नाही. रोज रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारी सोय) चालणारा, अहवाल तयार करणारा एक जुना प्रोग्राम माझ्याकडे आहे. त्याच्यासोबतची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड हे जावाचे पॅकेज मागते, आणि जावा ११ पासून ते मूळ संचातून काढून टाकलेले असल्यामुळे १७ वर हा प्रोग्राम सुरू होताच मान टाकतो. उलट माझे रोजचे काम १७ शिवाय होत नाही. ती लायब्ररीच बदलणे हा खरा उपाय आहे हे मला मान्य आहे, पण ते काम मोठे आहे आणि अहवाल तर रोज लागतो.

गेल्या आठवड्यात या जुन्या प्रोग्राममधील तारखेच्या मांडणीची एक चूक दुरुस्त करायची होती. मी अपडेट-अल्टरनेटिव्हज या आवृत्ती निवडण्याच्या कमांडमध्ये जावा हे नाव देऊन यादी उघडली, १७ समोरची चांदणी ८ वर आणली आणि खात्रीसाठी आवृत्ती विचारली. उत्तर १.८.० असे आले. (जावा ८ स्वतःला १.८ म्हणवते, हा जुना रिवाज ९ पासून सुटला.) मग दुरुस्त केलेली फाइल जावासी या कंपाइलरने कंपाइल केली, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालवता येणारी क्लास फाइल बनवली. एकही तक्रार आली नाही. प्रोग्राम चालवला मात्र, आणि अनसपोर्टेड क्लास व्हर्शन एरर समोर आली : क्लास फाइलची आवृत्ती ६१, आणि चालवणाऱ्या जावाला ५२ पर्यंतच कळते. ५२ म्हणजे जावा ८ आणि ६१ म्हणजे जावा १७, एवढे मला शोधून समजले. म्हणजे चालवणारा ८ चा झाला होता, पण कंपाइल करणारा १७ चाच राहिला होता.

मी जावासीचीही निवड बदलली, शिवाय कोठेतरी वाचल्याप्रमाणे बॅशआरसी या टर्मिनलच्या मांडणीच्या फाइलमध्ये जावा_होमला (जावा कोठे आहे हे इतर प्रोग्रामना सांगणारी नोंद) ८ चा पत्ता दिला, आणि काम झाले. दुसऱ्या दिवशी नव्या कामासाठी दोन्ही निवडी परत १७ वर नेल्या, तर मेव्हन (जावाचे प्रकल्प बांधणारे साधन) म्हणू लागले की १७ हे टार्गेट रिलीज त्याला मान्य नाही. टर्मिनलमध्ये जावाला आवृत्ती विचारली की १७, आणि लगेच खालच्या ओळीत मेव्हनला विचारली की १.८.०, एकाच खिडकीत दोन साक्षीदार दोन जबान्या देत होते. बॅशआरसीमधील ती ओळ काढून टाकली, तरी उघड्या असलेल्या टर्मिनलमध्ये काहीही फरक पडला नाही. या सगळ्या धांदलीत निवड १७ वर राहिली आणि त्या रात्रीचा अहवाल निघालाच नाही, हे मला सकाळी कळले.

जावा, जावासी आणि मेव्हन यांना एकाच वेळी एका आवृत्तीवर नेणारी काही सोय आहे का? आणि अशी सोय असली तरी रात्रीच्या कामाचे काय करावे? रोज संध्याकाळी आठवणीने ८ वर जाणे आणि सकाळी १७ वर येणे माझ्याकडून होणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

प्रतिसाद

आपण निरीक्षणे नीट नोंदवली आहेत, त्यामुळे काम सोपे झाले. अपडेट-अल्टरनेटिव्हज ही जावाची स्वतःची सोय नव्हे. एका नावामागे कोणती फाइल उभी आहे एवढेच ती सांभाळते, आणि तिच्या लेखी जावा व जावासी ही दोन स्वतंत्र नावे आहेत. दोन्ही एकदम बदलण्यासाठी अपडेट-जावा-अल्टरनेटिव्हज अशी वेगळी कमांड आहे. ती जावा-कॉमन या पॅकेजसोबत येते. मात्र तीही जावा_होमला हात लावत नाही. मेव्हन प्रथम जावा_होम पाहते आणि ते रिकामे असेल तरच पाथमधील (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) जावाकडे वळते, म्हणून आपल्याला दोन उत्तरे मिळाली.

बॅशआरसीचे म्हणाल, तर ती फाइल टर्मिनल उघडताना वाचली जाते. उघडलेल्या टर्मिनलला मिळालेले जावा_होम फाइल बदलल्याने जात नाही. तेथेच ते अनसेट कमांडने काढावे लागते किंवा नवे टर्मिनल उघडावे लागते. क्रॉन तर बॅशआरसी वाचतच नाही, त्यामुळे रात्रीच्या कामाच्या वाट्याला त्या क्षणी यूएसआर/बिन या कमांडच्या फोल्डरमधील जावा ज्या आवृत्तीकडे बोट दाखवत असेल तीच येते.

म्हणून माझा सल्ला असा की आवृत्ती बदलूच नका. संपूर्ण संगणकाची निवड कायमची १७ वर ठेवा, बॅशआरसीमध्ये जावा_होम लिहू नका, आणि जुना प्रोग्राम ज्या शेल स्क्रिप्टमधून (कमांड लिहिलेली फाइल) चालतो तिच्यात जावा ८ चा पूर्ण पत्ता लिहा. ज्याला वेगळी आवृत्ती हवी, त्यानेच ती मागावी. कंपाइल करण्यासाठीही ८ वर जाण्याची गरज नाही : १७ च्या जावासीला रिलीज ८ असा पर्याय दिला की तो ५२ चीच क्लास फाइल बनवतो, आणि जावा ८ मध्ये नसलेली एखादी पद्धत आपण चुकून वापरली असेल तर तेथल्या तेथे अडवतो. जुने सोर्स आणि टार्गेट हे पर्याय ही दुसरी तपासणी करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व केले. रिलीज ८ देऊन बनवलेली क्लास फाइल जावापी व्हर्बोज या क्लास फाइलचा तपशील दाखवणाऱ्या कमांडने उघडून पाहिली, तेव्हा मेजर व्हर्शनसमोर ५२ दिसले आणि जीव भांड्यात पडला.

एका ठिकाणी मात्र अडखळलो, ते पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. जावा ८ चा पूर्ण पत्ता शोधण्यासाठी मी रीडलिंक या खरा पत्ता दाखवणाऱ्या कमांडने यूएसआर/बिनमधील जावाचा माग काढला होता, तेव्हा निवड ८ वर होती, आणि मिळालेल्या पत्त्यात बिनच्या आधी जेआरई नावाचे (फक्त प्रोग्राम चालवण्यापुरत्या जावाचे) आणखी एक फोल्डर होते. प्रोग्राम चालवण्यापुरता तो पत्ता बरोबरच आहे; पण त्यातील बिन आणि जावा गाळून तोच जावा_होमला दिला, तर तो जेआरईवर संपतो आणि तेथे जावासी नसल्यामुळे कंपाइलर सापडत नाही अशी तक्रार मेव्हन करते. जावा_होमसाठी जेआरईच्या एक पायरी वरचे फोल्डर लागते.

रात्री नक्की कोणती आवृत्ती चालली हे सकाळी कळावे म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला आवृत्ती विचारून ती लॉग फाइलमध्ये पाठवण्याची एक ओळही घातली. पहिल्या सकाळी अहवाल तयार होता, पण लॉगमध्ये आवृत्तीचा पत्ताच नव्हता. एका आडव्या रेघेने विचारलेली आवृत्ती जावा नेहमीच्या आउटपुटवर न लिहिता एररच्या आउटपुटवर लिहिते, आणि दोन रेघांचा पर्याय जावा ८ ला ठाऊकच नाही. एररचे आउटपुटही त्याच फाइलकडे वळवल्यापासून लॉगची पहिली ओळ रोज १.८.० सांगते, आणि दिवसभर टर्मिनल व मेव्हन दोघेही १७ च म्हणतात.