अनुभव धागा: रूट कॅनालनंतरची कॅप

दिवाळीच्या आधी खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल झालं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या. पण दुखणं थांबलेलं, मग घाई कसली? फराळ, पाहुणे, भाचीचं लग्न यांत चार महिने गेले. परवा मखमलाबाद रोडला मिसळ खाताना पापड मोडला आणि त्याच्या मागोमाग अजून काहीतरी मोडलं. जीभ फिरवली तर दाढेची आतली भिंत गायब! तुकडा बहुधा तर्रीबरोबर पोटात गेला. दुखलं काहीच नाही, नसच काढलेली ना.

डॉक्टर आधी रागावले, मग समजावलं. कीड आणि नस काढताना दाढ आतून पोकळ होते, उरतात नुसत्या भिंती. चावताना त्या फाकतात. कॅप त्यांना बाहेरून आवळून धरते. चीर मुळापर्यंत गेली असती तर दाढच काढावी लागली असती म्हणे. आता कॅप मेटलची, सिरॅमिकची की झिरकोनियाची (हाही दातासारखा पांढरा, पण फार मजबूत पदार्थ), ते ठरवायचंय. बरेवाईट सगळे अनुभव लिहा.
– गंगापूर रोडवाली

प्रेसमध्ये नोकरीला होतो तेव्हा, १९९४ साली, मागच्या दाढेला मेटलची कॅप बसवली. स्टीलच्या वाटीसारखी चकाकते. मी जांभई दिली की नातवंडं हसतात. अजून शाबूत आहे, हुरडा-ऊस सगळं झालं तिच्यावर. वरच्या पुढच्या दाताला मात्र आत मेटल, बाहेर सिरॅमिक अशी घेतली होती. हिरडी वर सरकली तशी तिच्या कडेला काळी रेघ दिसायला लागली. फोटोत आता ओठ मिटूनच.
– नाशिकरोडकर

माझी कॅप उंच बसली होती. तोंड बधिर, त्यामुळे खुर्चीत काही कळलंच नाही. ‘ठीक वाटतंय का?’ विचारल्यावर मान डोलावून आले. रात्री भाकरीचा पहिला घास घेतला तर बाकीचे दात एकमेकांना टेकेचनात, सगळा भार त्या एकाच दाढेवर. फोन केला तर ‘सवय होईल’. आठ दिवस एका बाजूने जेवले, कानापर्यंत ठणका, सकाळी जबडा उघडेना. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी निळा कागद चावायला दिला, कॅपवर जिथे गडद डाग उमटला तेवढंच घासलं. पाच मिनिटांचं काम हो! सवयबिवय काही होत नसते. टोचलं की दुसऱ्या दिवशी जाऊन बसायचं.
– सिडको

संक्रांतीला तिळाच्या वडीत माझी कॅप निघून आली. ह्यांनी लगेच फेविक्विक काढलं! मी डबीत घालून दवाखान्यात नेली. साफ करून तीच परत बसवून दिली.
– सातपूर

मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. झिरकोनियाची कॅप मशीनवर मुद्दाम मोठी कापतात, कारण भट्टीत ती साधारण पाचव्या हिश्शाने आक्रसते. मागच्या दाढेला ती उत्तम. पण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक रंगाच्या. पुढच्या दाताची शेड दिवसाउजेडी, लिपस्टिक पुसून जुळवून घ्या. ट्यूबलाइटखाली जुळलेला दात उन्हात वेगळाच दिसतो.
– लॅबवाला

आईची कॅप पंचवटीतल्या डेंटल कॉलेजमध्ये केली. शिकाऊ मुलं करतात, सर प्रत्येक टप्पा तपासतात. खर्च कमी, पण हेलपाटे फार. वेळ असेल तरच जा.
– आडगाव नाका

कॅपला कीड लागत नाही, कॅपखालच्या दाताला लागते! सहा वर्षांनी माझ्या कॅपच्या कडेने कीड शिरली. दुखणार कुठून? वास यायला लागला तेव्हा कळलं. कॅप कापून काढली, पुन्हा माप, पुन्हा पैसे. रोज दातांच्या फटीत दोरा (फ्लॉस) फिरवला असता तर वाचले असते.
– इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. झिरकोनिया ठरली, नऊ हजार. आज दाढ चहूबाजूंनी घासून माप घेतलं, वर टेम्पररी कॅप. नवी सोमवारी. निळा कागद मी स्वतःच मागणार आहे, सिडकोताई. तोवर चिकट-कडक बंद. मिसळ चालते का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘पापड तिथेच ठेवून या.’
– गंगापूर रोडवाली