दरीतल्या रेस्क्यूसाठी आधी काय घ्यावं?

घाटवाट: आम्ही साताऱ्याकडचे १२ व्हॉलंटियर, पावसाळ्यात गाडी दरीत गेली की आम्हाला फोन येतो. गेल्या आठवड्यात जखमीला बाहेर काढताना आमच्या पोराचं मनगट काचेने चिरलं, हातात नुसते ते निळे पातळ ग्लोव्हज. थोडे पैसे जमलेत, कशावर घालू?

सिस्टरताई: निळे म्हणजे नायट्राइल, ते रक्तापासून वाचवतात, काच पत्र्यापासून नाही. आत नायट्राइल आणि वरून मनगट झाकणारे कट रेझिस्टंट, म्हणजे सहज न चिरणारे ग्लोव्हज घाला, पेशंट बाहेर आला की वरचे काढून टाका. चामड्याचे नकोच, रक्त मुरलं की नीट धुवून निघत नाही. आणि सगळ्यांचे हेपेटायटिस बीच्या (रक्तातून पसरणारी कावीळ) लसीचे तीन डोस झालेत का ते आधी बघा, कपड्यांइतकंच महत्त्वाचं आहे ते!

कडेकपारी: दादा, ग्लोव्हजनंतर हेल्मेट. बाईकचं नको, त्यात वरून दिलेली हाक ऐकू येत नाही आणि मान जड होते, गिर्यारोहणाचं, ईएन १२४९२ (अशा हेल्मेटचं युरोपियन मानक) लिहिलेलं घ्या. जीन्स अजिबात नको, भिजली की पायाला चिकटते नि माणूस गारठतो. पोंचो रोपमधे अडकतो म्हणून जाकीट पँट वेगळी घ्या, भडक रंगाची, रिफ्लेक्टिव्ह पट्टी असलेली, कारण धुक्यात काळा रेनकोट दहा पावलांवर दिसत नाही.

घाटवाट: गमबूट आहेत आमच्याकडे, ते चालतील?

कडेकपारी: चिखलात ठीक. ओढ्यात उतरायचं असेल तर नको, पाणी भरलं की पाय उचलत नाही.