‘सिंधुदुर्गात बघा’ म्हणणाऱ्यांना उत्तर (२०२४ मधला धागा)

डिचोलीची
काल पेडणेकरांनी लिहिलं की गोव्यात पेट्रोल शहाण्णवच्या आसपासच आहे, सातार्ड्याचा पूल ओलांडून सिंधुदुर्गात बघा, तिकडे शंभरी कधीच पार झाली, तिथली माणसं आपल्याकडे येऊन टाकी भरतात, तेव्हा राज्याने व्हॅट (पेट्रोलवरचा राज्याचा कर) वाढवला त्या एका रुपयावरून रडणं बंद करा. रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून लिहिते.

मी रोज डिचोली ते वेर्णा स्कूटरवर जाते. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, दोन लिटर पेट्रोल, महिन्याला पावणेपाच हजार. पगार एकोणीस हजार. म्हणजे चौथा हिस्सा मी टाकीत ओतते आणि तुम्ही मला शेजारचं घर दाखवता? शेजाऱ्याला जास्त लुटलं म्हणून माझं लुटणं माफ होत नाही.

आणि प्रश्न एका रुपयाचा नाहीच. २०१७ च्या जूनपासून रोज दर बदलणार म्हणाले, क्रूड म्हणजे कच्चं तेल उतरलं की आपल्याला पण स्वस्त मिळणार. २०२२ मध्ये क्रूड भडकलं होतं, नंतर उतरलं, पण पंपावरचा आकडा जवळजवळ दोन वर्षं जागचा हलला नाही. हलला तो २०२४ च्या मार्चमध्ये, दोन रुपये खाली, मतदानाच्या तोंडावर. मतदान झालं आणि जूनमध्ये आपल्या गोवा सरकारने व्हॅटचा एक रुपया परत चढवला. तिकडे तिन्ही सरकारी तेल कंपन्यांचा २०२३-२४ चा नफा ८१ हजार कोटींच्या घरात, एकट्या इंडियन ऑइलचा ३९ हजार कोटींच्या वर. कुणाच्या खिशातून गेले?

हिशेबनीस
ताई, अर्धाच हिशेब मांडलात. २०२२ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत याच तीन कंपन्यांना १८ हजार कोटींवर तोटा झाला, कारण क्रूड चढलेलं असताना त्यांनी दर धरून ठेवले होते. तेव्हा तुम्ही आभार मानायला आला नव्हतात. आणि या कंपन्यांत मोठा हिस्सा सरकारचा, डिव्हिडंडचा (नफ्याच्या वाटपाचा) मोठा भाग सरकारला जातो. खरं दुखणं टॅक्स. २०२० मध्ये क्रूड मातीमोल झालं तेव्हा केंद्राने पेट्रोलवरचा एक्साइज लिटरमागे ३२.९० रुपयांच्या पुढे नेला. नंतर दोनदा कापून १९.९० वर आणला. राग काढायचा तर तिथे काढा.

डिचोलीची
तोटा १८ हजार, नफा ८१ हजार. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरात २२ हजार कोटी भरपाई दिलीच ना त्यांना? तोटा झाला की सरकार भरून देतं, नफा झाला की आम्हाला काय मिळतं?

हिशेबनीस
ते २२ हजार कोटी गॅस सिलिंडरच्या तोट्याचे होते, पेट्रोलचे नव्हेत.

डिचोलीची
बरं, गॅसचे होते, माझं चुकलं. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

ट्रकवाला
सगळे विसरले वाटतं. २०१२ ला पर्रीकरबाबांनी व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, एका झटक्यात लिटरमागे अकरा रुपये उतरले, देशात सगळ्यात स्वस्त पेट्रोल गोव्यात. मनात असेल तर होतं. आता मनात नाही.

हिशेबनीस
आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. तिजोरीत येणारा पैसा आटला, मग व्हॅट टप्प्याटप्प्याने परत चढवावाच लागला. मनात असण्याचा प्रश्न नाही.

ट्रकवाला
खाणींचं मला शिकवू नका. दोन ट्रक होते माझे, हप्ते चालू असताना दारात उभे राहिले, टायरांखाली गवत उगवलं. शेवटी भंगाराच्या भावात दिले. तुमच्यासाठी तो तिजोरीचा आकडा, आमच्या घरातलं जेवण होतं ते.

पेडणेकर
माझ्या नावाने धागा काढलात म्हणून बोलतो. माझं म्हणणं साधं होतं, आपल्या लोकांना चालायला नको, बस नको. घरात चार माणसं, पाच गाड्या. कोपऱ्यावर पाव आणायला स्कूटर. मग पेट्रोल महाग म्हणून बोंब मारायची. बसने जा की ताई. बसमध्ये उभं राहायला कमीपणा वाटतो का?

डिचोलीची
कमीपणा? माझी शिफ्ट रात्री साडेदहाला सुटते. कंपनीची बस मडगाव आणि वास्कोच्या बाजूला जाते, आमच्या बाजूला नाही. साडेदहाला वेर्ण्याहून डिचोलीला जाणारी एक बस दाखवा, उद्या स्कूटर विकते. मागच्या पावसात बाणस्तारीच्या पुढे स्कूटर बंद पडली, अकरा वाजून गेलेले, अंगावर रेनकोट, मोबाइलला चार टक्के बॅटरी. तासभर उभी होते. तुम्ही बोलताना जरा विचार करा.

पायलटाचा मुलगा
बस म्हणजे सांगू? सकाळी स्टँडवर सीट भरल्या, उभे भरले तरी हलत नाही, कंडक्टर दारात लटकून ‘पणजी पणजी’ ओरडतो. संध्याकाळी सातनंतर तोच गायब. म्हणून तर लोकांनी गाड्या घेतल्या.
माझे बाबा पणजीत पायलट होते, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवायचे, पिवळा मडगार्ड, तीस वर्षं. त्यांची डायरी अजून घरात आहे, डावीकडे भाडं, उजवीकडे पेट्रोल. आधी उजव्या पानावर दोन दिवसांतून एक ओळ असायची, शेवटी शेवटी रोजची, आणि डावीकडचं पान अर्धं रिकामं. भाडं वाढवलं की गिऱ्हाईक चालत जायचं. नफा-तोटा आम्ही त्या डायरीत बघितलाय.

बसवाला
कंडक्टरला शिव्या घालून झाल्या असतील तर मालकाचं पण ऐका. माझी एक छोटी बस आहे, कर्जाची. लिटरला पाच किलोमीटर देते, डिझेल अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. रात्री आठनंतर तीन माणसं बसतात. त्या तिघांच्या तिकिटात निम्म्या वाटेचं डिझेल सुटत नाही. तिकीट मी ठरवत नाही, डिझेल मी ठरवत नाही, आणि गायब झालो म्हणून चोर मी?

पायलटाचा मुलगा
मग सकाळी भरलेली बस अर्धा तास का उभी करता? तेव्हा तर पैसे सुटतात ना?

बसवाला
रात्रीचं सकाळी भरून काढतो म्हणून. आवडत नाही मलाही.

हिशेबनीस
मूळ मुद्दा कंपन्यांचा नफा होता. बसवर कुठे पोचलात?

ट्रकवाला
मुद्दा तोच आहे बाब, तुम्हाला कागदावरच दिसतो.

पेडणेकर
ताई, रात्रीच्या शिफ्टचं मला माहीत नव्हतं. कमीपणाचं वाक्य मागे घेतो. पाव आणायला स्कूटर काढणाऱ्यांबद्दल बोललो ते तसंच राहणार.

डिचोलीची
ठेवा. त्यात मी नाही.
बसवाले दादा, वेर्ण्याहून रात्री आमच्या बाजूच्या सात जणी आहोत, सगळ्या स्कूटरवर. महिन्याचे पैसे आगाऊ देतो. जमेल?

बसवाला
वेर्णा-डिचोली पंचेचाळीस किलोमीटर, नऊ लिटर, आठशे रुपये, रिकामी न्यायची ते वेगळं. सात जणींत नाही परवडत. वीस करा, मग बोलू.

साखळीकर
माझी बहीण त्याच शिफ्टला आहे. आठ धरा.