ग्रॅफाइट मँड्रेलवरची टंगस्टन नळी थंड होताना तडकते

प्रश्न
व्हॅक्यूम प्लाझ्मा स्प्रेने (कमी दाबाच्या चेंबरमध्ये पावडर प्लाझ्मात वितळवून फवारणे) टंगस्टनची सुटी नळी बनवायची आहे: आतला व्यास ४० मिमी, लांबी १५० मिमी, भिंत २ मिमी. मँड्रेल, म्हणजे ज्यावर थर फवारतात तो आतला गाभा, एक्स्ट्रुडेड (साच्यातून ढकलून काढलेल्या) ग्रॅफाइटच्या सळईचा. पावडर १५–४५ मायक्रॉन, आर्गॉन-हायड्रोजन प्लाझ्मा, चेंबरचा दाब १०० मिलिबार. फवारताना काम सुमारे ९०० अंशांवर असतं. थंड झाल्यावर नळीला बांगडीसारख्या गोल भेगा पडलेल्या दिसतात. पाण्यात वजन करून घनता भरीव टंगस्टनच्या ९३ टक्के येते. नळी मँड्रेलसकट हायड्रोजनमध्ये सिंटर केली (न वितळवता खूप तापवून घट्ट केली) तर चालेल का?

उत्तर १
भेगांची दिशा पाहा, कारण तिथेच आहे. उभ्या भेगा असत्या तर मँड्रेलने नळीला परिघात ताणलं असतं. गोल भेगांचा अर्थ, ताण लांबीच्या दिशेने आला. एक्स्ट्रुडेड ग्रॅफाइटचं प्रसरण दोन दिशांना वेगळं असतं आणि सळईच्या लांबीत ते सगळ्यात कमी. तिथे गुणांक अंशाला दशलक्षांश ३ धरा, टंगस्टनचा ४.५. ९०० अंश उतरताना १५० मिमी टंगस्टन ०.६ मिमी आखडू पाहतं, ग्रॅफाइट जेमतेम ०.४. उरलेले ०.२ मिमी टंगस्टनला ताणून भरून काढावे लागतात आणि थंड टंगस्टन तेवढं ताणलं जात नाही, तडकतं.

आयसोस्टॅटिक ग्रॅफाइट (सगळ्या बाजूंनी सारखं दाबून बनवलेलं) घ्या, गुणांक ७ च्या आसपासचा. माहितीपत्रकातला आकडा १००° पर्यंतचा आहे की १०००° पर्यंतचा, हे जरूर तपासा. ग्रॅफाइटमध्ये हा फरक मोठा पडतो. मग व्यासात ०.०९ मिमी मोकळीक मिळते आणि मँड्रेल बहुधा सरकून निघतो. टोकांना मास्क लावा. थर टोकावरून वळून खाली उतरला तर नळी दोन्हीकडून अडकते आणि योग्य ग्रॅफाइट घेऊनही फायदा होत नाही.

उत्तर २
मँड्रेलसकट सिंटर अजिबात करू नका. घनता समजा ९० टक्क्यांवरून ९७ वर जाताना प्रत्येक मापात जवळपास अडीच टक्के आकुंचन होतं, म्हणजे ४० मिमीला १ मिमी. आत घट्ट ग्रॅफाइट असेल तर नळी फाटणारच. शिवाय त्या तापमानाला कार्बन टंगस्टनमध्ये शिरून ठिसूळ कार्बाइड बनवतो. आधी ग्रॅफाइट काढा. चिकटला असेल तर पोखरून आणि हलक्या ब्लास्टिंगने. हवेत जाळून काढायचा मोह टाळा, टंगस्टन ५०० अंशांच्या वर भराभर ऑक्सिडाइज होतं. आकुंचनाची सूट मँड्रेलच्या मापात धरा आणि शेवटचं ग्राइंडिंग सिंटरनंतर ठेवा.

तुमच्या ९३ टक्क्यांवर माझा विश्वास नाही. उघड्या छिद्रांत पाणी शिरलं की घनता फुगून दिसते. नमुन्याला मेणाचा पातळ थर देऊन पुन्हा मोजा. हिपिंगचा (उच्च तापमानाला वायूच्या दाबाने सगळीकडून दाबण्याचा) विचार असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण उघडी छिद्रं असलेली नळी तशीच हिपमध्ये घातली तर वायू आत शिरतो आणि भिंत दाबलीच जात नाही.

उत्तर ३
वरच्याशी सहमत. एक भर: हीच कृती टँटलमवर नेऊ नका. ते हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं, त्यामुळे प्लाझ्मात आर्गॉन-हीलियम आणि सिंटरिंग व्हॅक्यूममध्येच. आणि चेंबर घाईने उघडू नका. भिंतींवर साचलेली बारीक धातूची धूळ ऑक्सिडाइज झालेली नसते, एकदम हवा लागली तर पेट घेऊ शकते. सगळं थंड झाल्यावर हवा अगदी हळूहळू सोडा.




प्रश्नकर्ता
थर खरंच दोन्ही टोकांवरून वळलेला आहे. आता आयसोस्टॅटिक मँड्रेल, टोकांना मास्क, आणि घनता मेण लावून.