प्लास्टिकचे मशीनिंग केलेले पार्ट परदेशातून मागवावेत का?

मिरजोळेचा टर्नर: रत्नागिरीच्या मासळी कारखान्यांत हल्ली टूम निघाली आहे. कन्व्हेयरचं प्लास्टिकचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) असो की शाफ्टवर बसणारा साधा बुश, ड्रॉइंग चीनला पाठवायचं. माझं स्पष्ट मत आहे, चालू मशीनचे स्पेअर बाहेरून मागवू नयेत. नगाचा दर स्वस्त दिसतो, पण त्यावर भाडं, कस्टम ड्युटी, क्लिअरिंग एजंटचं बिल चढतं. आयजीएसटीचं, म्हणजे आयातीवरच्या जीएसटीचं, क्रेडिट मिळतं, बेसिक कस्टम ड्युटीचं मिळत नाही. हे कोटेशन बघताना कोणी धरतच नाही. शिवाय माल हातात पडायच्या आत पैसे चुकते. माप चुकलं तर भांडायचं कोणाशी? मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, मशीन खोलायची ती तेवढ्यातच. पार्ट न्हावा शेवा बंदरात अडकला तर १ ऑगस्टला बोटी निघणार आणि तुमची लाइन खोललेलीच.

खरेदीवाली, लोटे: दादा, भाड्याचं गणित मान्य. पण आमच्याकडे ॲसिडची लाइन आहे. पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, व्हॉल्व्ह सीट मागितली, इथल्याच एका वर्कशॉपने ॲसिटल या दुसऱ्याच प्लास्टिकची दिली. दोन्ही पांढरी, कळणार कसं? तीव्र आम्लात ॲसिटल टिकत नाही. सीट काढली तेव्हा कड नखाने खरवडली तरी भुगा पडत होता. बाहेरचा पुरवठादार बॅच नंबरसकट ३.१ सर्टिफिकेट, म्हणजे त्या मालाच्या तपासणीचा दाखला, देतो. इथे विचारलं की "मॅडम, ओरिजिनलच आहे" एवढंच ऐकायला मिळतं.

मिरजोळेचा टर्नर: ज्याने हे केलं त्याने धंद्याचं नाव घालवलं, त्याची बाजू घेणार नाही. पण ताई, कागद परदेशी असला तरी माल तपासायलाच हवा. सारख्या मापाचे दोन तुकडे काट्यावर ठेवा, पीटीएफई ॲसिटलच्या साधारण दीडपट भरतं. यूएचएमडब्ल्यू (एक प्रकारचं पॉलिथिन) पाण्यावर तरंगतं, नायलॉन बुडतं. पाच मिनिटांचं काम आहे.

काजूवाला, कुडाळ: टर्नरदादानू, माका तुमचा सगळा पटला नाय. माझ्या मशीनला बाहेरून आणलेला नायलॉनचा बुश पावसाळ्यात शाफ्टवर आवळून बसला. सगळे म्हणाले, चिनी माल! पण नायलॉन ६ हवेतला ओलावा पितं, पूर्ण भिजलं तर वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत. ॲसिटल एक टक्काही पीत नाही. तिकडे २३ अंशांच्या कोरड्या खोलीत माप बरोबरच असणार. ड्रॉइंगवर मटेरियल नायलॉन लिहिलेलं, बुश आणि शाफ्टमधला क्लिअरन्स (मोकळी जागा) कमी ठेवलेला. तुम्हीही तोच बुश तसाच करून दिला असता.

मिरजोळेचा टर्नर: नसता दिला. कोकणात पावसाळ्यात चालायचा बुश म्हटल्यावर मी आधी विचारलं असतं, नायलॉनच का? आणि समजा आवळलाच, तर शाफ्ट घेऊन या, बसवून बघत बोअर (आतलं भोक) काढून देतो, संध्याकाळी मशीन चालू. ही सोय कुठल्या पोर्टवर येते?

खरेदीवाली, लोटे: हे पटतं. पण पीक (PEEK) या प्लास्टिकचं काय? रफ टर्निंगनंतर ॲनीलिंग, म्हणजे तापवून सावकाश थंड करणं, केलं नाही तर फिनिश माप वाकडं होतं, आणि त्यासाठी तापमान नीट पाळणारा ओव्हन लागतो. आमच्या आसपासच्या एकाही वर्कशॉपमध्ये मला तो दिसला नाही. रॉडचं बिल आणि बॅच नंबर दाखवत असाल तर सीट तुमच्याकडे टाकते. पीकचे पार्ट मात्र बाहेरूनच येतील.

मिरजोळेचा टर्नर: बिल दाखवतो, रॉडचा कापलेला तुकडाही सोबत देतो. तुम्हीच वजन करा.