पत्र्यावरचा पाऊस आणि श्रुतलेखन : मदत हवी आहे

मंडळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरी-चौथी एकत्र घेते. पट ३१. खोली लांबट, वर पत्रे. जुलैची सर आली की ढोलात बसून शिकवल्यासारखं होतं. मी ओरडते, मुलं एकमेकांना त्याहून मोठ्याने विचारतात "बाई काय म्हणाल्या?", मग मी आणखी ओरडते. शनिवारपर्यंत घसा बसलेला असतो.

परवा श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना एक गंमत दिसली (गंमतच म्हणायची!). पुढच्या दोन ओळींचं ठीक आहे. मागे 'ताक'चं 'पाक', 'कान'चं 'पान', 'तेल'चं 'केल'. काना-मात्रा जागच्या जागी, घोळ फक्त क, त, प यांचा. हेच शब्द फळ्यावर लिहिले तर न चुकता वाचतात. मागच्या कोपऱ्यातल्या एका मुलाचे तर दहातले सहा चुकलेत.

पर्यटकांना माहिती सांगणारे गाईड कमरेला लावतात तसला माईक-स्पीकर घ्यावा का? की त्याने खोली आणखी घुमेल? आणि पत्र्याचं काही करता येतं का? छत बदलायचा प्रस्ताव दिलाय, तो त्याच्या गतीने चाललाय. त्यावर कृपया चर्चा नको.

प्रतिसाद १
बाई, उत्तर तुमच्या वह्यांतच आहे. बोलण्यातला जोर स्वरांत असतो. क, त, प म्हणजे क्षणभराचा बारीक फटका, तो पावसात आधी बुडतो. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. त्या फ्रेंच डॉक्टरने तो १९११ मध्ये मांडला, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

त्यात अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ३ फुटांवरून २४ फुटांवर म्हणजे १८. खोलीत भिंती आवाज परतवतात म्हणून घट कमी होते, पण परतलेला आवाज पुढच्या अक्षरावर सांडतो. मोठी माणसं हुकलेलं अक्षर संदर्भाने भरून काढतात. आठ-नऊ वर्षांच्या पोराकडे तेवढा शब्दसाठा कुठला? वर्गात शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर असावा असं मानतात.

माईक घ्याच, पण आवाज बेताचा ठेवा आणि स्पीकर कमरेला न लावता वर्गाच्या मध्यावर ठेवा. तोंडाजवळ येणारा माईक असेल तर उत्तम.

प्रतिसाद २
पत्र्याखाली गोणपाट ताणलं तर घुमणं कमी होईल, थेंबांचा मारा नाही. तो वरूनच अडवावा लागतो. आमच्याकडे पडवीच्या पत्र्यावर झावळ्या बांधतात, बराच फरक पडतो. फक्त वाऱ्याला दोरी घट्ट हवी.

आणि बैठक बदला हो! भिंतीकडे पाठ करून घोड्याच्या नालेसारखं बसवा आणि मध्ये उभं राहून सांगा. याला खर्च शून्य.

प्रतिसाद ३
त्या कोपऱ्यातल्या मुलाला उघडीप असेल त्या दिवशी पुढे बसवून तेच शब्द घाला. तरीही चुकला तर प्रश्न पावसाचा नाही. सर्दीने कानात पाणी साचलेलं असू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना कान दाखवता येतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. नाल जमली, फक्त दोन बाकं दाराबाहेर गेली. झावळ्यांचं शाळा व्यवस्थापन समितीत बोलले, एका पालकांनी आणून द्यायचं कबूल केलंय.

काल ऊन होतं. मागच्या ओळीतल्या बहुतेकांचे दहापैकी नऊ आले. तो मुलगा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, तरी पाच चुकले. आणि लिहिताना डावा कान माझ्याकडे वळवत होता, हे मला आजवर दिसलंच नव्हतं. पथक गणपतीनंतर येणार आहे. तोवर थांबत नाही, मंगळवारी त्याच्या आजीबरोबर ग्रामीण रुग्णालयात जातेय.