मदत हवी आहे : बिग बँडचं रेकॉर्डिंग एकत्र करावं की तुकड्यातुकड्यांनी?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एका हौशी बिग बँडमध्ये (म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात) ट्रॉम्बोन वाजवतो. ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास, ड्रम्स, असे १७ जण. आमच्यातल्याच एकाच्या नव्या रचनांचा अल्बम करायचा आहे.

पैशांचं जमेल. जॅझ संगीतकार मारिया श्नायडरने ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ (२००४) श्रोत्यांच्या पैशातून काढला, दुकानांत न ठेवता इंटरनेटवरच विकला, तरी ग्रॅमी मिळालं. त्याच वाटेने आम्हीही वर्गणी काढली. (गणपतीची सवय कामी आली!)

अडलंय ते वेगळंच. सगळे एका खोलीत बसलो की ड्रम्सचा आवाज सॅक्सच्या माइकात शिरतो. मग एखाद्याचा चुकलेला सूर नंतर दुरुस्त करता येत नाही. वेगवेगळं रेकॉर्ड केलं तर सगळं स्वच्छ, पण स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, मेला. ट्रम्पेट शेजारच्या गावात वाजतायत असं वाटलं!

फक्त ड्रमर काचेच्या खोलीत आणि बाकी सगळे बाहेर, असं कुणी केलंय का? हेडफोनवर ताल धरवतो का? स्टुडिओ दोनच दिवस मिळणार आहे.